पाळी, कायदा आणि आपलं सोलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत, झेडपीच्या शाळांत आणि साखर कारखान्यांच्या आवारात पाळीच्या हक्काबद्दल बोलायला गेलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही प्रामाणिक असतात, काही खोचक. दोन्हींना इथे उत्तरं दिली आहेत. कायदा बदलावा म्हणून सह्या, निवेदनं आणि धरणं करणाऱ्या सोलापूरच्या आम्ही काही जणी आहोत. आमची मतं आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

सरकार पॅड देतंच की. मग कायदा कशाला हवा?

देतं, पण कधी देतं आणि कधी देत नाही. केंद्राने २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी योजना आणली. आशाताईंकडून सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना मिळायचं. ८ मार्च २०१८ ला राज्याची अस्मिता योजना आली. झेडपी शाळेतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत आणि वाटप बचत गटांमार्फत. २०१९ पासून जनऔषधी केंद्रात पॅड एक रुपयाला एक मिळतो. कागदावर यादी बरी दिसते.

आता गावातल्या आशाताईंना विचारा, मागच्या वर्षभरात पाकिटं किती महिने आली? योजना चालते शासन निर्णयावर आणि अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर. निविदा अडकली की पुरवठा थांबतो, आणि तो थांबला म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही, कारण कोणाचंही कर्तव्य मोडलेलं नसतं. कायद्यात 'अमुक अधिकाऱ्याने अमुक ठिकाणी हे उपलब्ध ठेवलंच पाहिजे' असं लिहिलेलं असतं. स्कॉटलंडने २०२१ चा कायदा केला आणि तो १५ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण लागू झाला. तिथे स्थानिक परिषदेने पॅड-टॅम्पॉन मोफत ठेवणं बंधनकारक आहे. मर्जीचा प्रश्नच उरत नाही. आमची मागणी त्याच जातीची आहे, फक्त आमच्याकडे पॅडच्या आधी पाणी आणि शौचालयाच्या दाराला कडी लागते.

आजच्या घडीला कायद्यात काय आहे?

तुकड्या-तुकड्यांत बरंच आहे, एकत्र काहीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी वेगळी शौचालयं सांगितली आहेत. घनकचरा नियमांत वापरलेल्या पॅडचा उल्लेख आहे. जीएसटीत सूट आहे. पॅडच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक आयएस ५४०५ आहे. पण 'पाळीचं आरोग्य' या नावाने कर्तव्य, निधी, तपासणी आणि तक्रार यांची सांगड घालणारा कायदा देशातही नाही, राज्यातही नाही.

सुप्रीम कोर्टाने निकाल दिला ना? मग आता आंदोलन कशासाठी?

निकाल मोठा आहे, यात वाद नाही. सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड मिळावेत म्हणून जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने केंद्राला एकसमान राष्ट्रीय धोरण करायला सांगितलं. ३० जानेवारी २०२६ ला न्यायालयाने पाळीच्या आरोग्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. सरकारी असो की खासगी, शाळेत मुलींना मोफत पॅड आणि वापरता येईल असं वेगळं स्वच्छतागृह द्यायचं, असा आदेश दिला.

पण आदेश दिल्लीत निघतो आणि कडी आपल्या शाळेतल्या दाराला बसवावी लागते. शाळेत गेलात तर स्वच्छतागृहाचा बोर्ड पाहून परतू नका, आत जा. दाराला आतून कडी आहे का? नळ सोडल्यावर पाणी येतं का, की बाहेरच्या टाकीतून बादली भरून न्यावी लागते, तीही सगळ्या वर्गासमोरून? झाकणाचा डबा आहे का? कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? बऱ्याच ठिकाणी किल्ली शिपाईकाकांच्या खिशात असते, आणि तेरा वर्षांची मुलगी काकांकडे किल्ली मागायला जात नाही. ती चार तास बसून राहते, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाही. हजेरीपटावर याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

निकाल झाला म्हणजे आमच्या हातात दाखवायला कागद आला. काम आता सुरू झालंय.

बिडी कामगार बाई घरीच काम करते. तिला कुठला कायदा लागणार?

सोलापूरच्या बैठकीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, आणि यायलाच हवा.

बिडी वळणारी बाई सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणते, घरी सूप मांडीवर घेऊन बसते आणि हजाराच्या हिशेबाने बिड्या वळते. मजुरी हजारामागे. छाट निघाली, म्हणजे बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की पैसे गेले. मांडीवर सूप, बोटांना तंबाखू, अशात पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला उठायचं म्हणजे सूप बाजूला ठेवा, साबण लावून हात दोन-दोनदा धुवा, कारण तंबाखूचा हात तिथे लागला तर आग होते. पाणी भरून ठेवलेल्या पिंपातलं. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे पिंपातला प्रत्येक तांब्या मोजून. मग बाई काय करते? उठतच नाही. संध्याकाळपर्यंत तेच कापड, तोच पॅड.

आता कायद्याची गंमत बघा. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानलं. तिला पीएफ लागू होतो, हे सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ठरलेलं आहे. म्हणजे मजुरीच्या हिशेबात ती कामगार, पण ती जिथे बसते ती खोली कामाची जागा नाही. शौचालय, पाणी, हात धुण्याची सोय या सगळ्या तरतुदी मालकाच्या आवाराला लागू. तिचं आवार म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि गल्लीच्या टोकाचं सार्वजनिक शौचालय. नव्या संहितांनी १९६६ चा कायदा पोटात घेतला, पण ही फट तशीच राहिली. त्यातच बिडीवरचा कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला, म्हणजे तिच्या नावाने वेगळा जमा होणारा पैसाही आटला.

म्हणून आमच्या मागण्या तीन ठिकाणी जातात. जिथे माल द्यायला रांग लागते तिथे मालकाने पाणी, कडी आणि डबा असलेलं शौचालय द्यावं. बिडी कामगारांच्या ओळखपत्रावर पॅड किंवा कापडी पॅडचा संच आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिनची तपासणी मिळावी, ती कामगार मंत्रालयाच्या बिडी दवाखान्यांतूनच व्हावी. आणि वस्तीतलं सार्वजनिक शौचालय हे घरी काम करणाऱ्या बाईचं कामाच्या ठिकाणचं शौचालय आहे, असं महापालिकेने लेखी मानावं. तिसरी मागणी ऐकून अधिकारी हसतात. हसू द्या. सोलापूरजवळच्या कुंभारीला हजारो बिडी कामगार बायकांची स्वतःची घरं होतील म्हटल्यावरही लोक हसलेच होते, आणि गोदूताई परुळेकर वसाहत आज उभी आहे.

यंत्रमागावर आणि टॉवेलच्या शिलाईला जाणाऱ्या बायकांचं काय?

सुरक्षा संहिता साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायला पाच-सहा बायका असलेली शेड या आकड्याच्या खाली राहते. काही वेळा मुद्दाम ठेवली जाते. शौचालय आणि पाणी या दोन गोष्टींसाठी तरी ही किमान संख्या काढून टाका, एवढीच मागणी आहे.

ऊसतोडीच्या बायकांचा प्रश्न बीडचा आहे ना? सोलापूरचा त्याच्याशी काय संबंध?

बाई बीडची असेल, उसाचा फड आपला आहे. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. तोडणीच्या टोळ्या इथे येतात, त्यांच्या कोप्या (झोपड्या) इथे पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. अशात महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

दर वेळी चर्चा डॉक्टरांवर येऊन थांबते. डॉक्टरांचा दोष आहेच. पण खाड्याचा दंड कायम ठेवून फक्त दवाखाने तपासले तर बाई पुढच्या हंगामात पुन्हा त्याच कात्रीत सापडणार. पाळीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, ही अट मुकादमाच्या करारात आणि कारखान्याच्या गाळप परवान्यात यावी. फडाजवळ शौचालय, पाणी आणि आडोसा देण्याची जबाबदारी कारखान्याची असावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याच्याकडे हा विषय कामकाजपत्रिकेवर घेण्याची मागणी करता येते.

पाळीच्या रजेबद्दल तुमची भूमिका काय?

आमच्यात एकमत नाही, आणि ते आम्ही सांगून टाकतो.

बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या महिलांना महिन्याला दोन दिवस आहेत. केरळने २०२३ मध्ये राज्य विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींना हजेरीत सवलत दिली. कर्नाटकने २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस भरपगारी रजेचं धोरण मंजूर केलं, खासगी आस्थापनांसह. आपल्या जिल्ह्याची सीमा कर्नाटकला लागूनच आहे, त्यामुळे 'विजयपूरला होतं मग इथे का नाही' हा प्रश्न आमच्या बैठकीत हटकून येतो. लोकसभेत निनाँग एरिंग यांनी २०१७ मध्ये अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा धोरणाचा विषय म्हणून सरकारकडे सोपवला आणि सक्ती केली तर मालक बायकांना कामावर घ्यायचंच टाळतील, अशी भीती बोलून दाखवली.

शिक्षिका, बँकेतल्या, आयटीतल्या मैत्रिणींना रजा हवी आहे, आणि ती मिळावी. पण हजारामागे मजुरी घेणाऱ्या बाईला रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिला भरपाई हवी, नाहीतर रजा हा शब्दच तिच्यासाठी पोकळ आहे. आमच्यातल्या बहुतेकींचं मत असं की रजेची मागणी करा, पण तीच पहिली मागणी करू नका. वर्तमानपत्रं रजेवर चर्चा रंगवतात आणि शौचालयाची कडी तशीच राहते.

जीएसटी तर काढला ना? मग पॅड स्वस्त का होत नाहीत?

१ जुलै २०१७ ला पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला. देशभर विरोध झाला आणि जुलै २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने तो पूर्ण माफ केला. पण माफी म्हणजे शून्य दर नव्हे. वस्तू करमुक्त झाली की उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही, तो किमतीत मिसळतो. मोठ्या कंपनीला हे झेपतं, बचत गटाच्या छोट्या युनिटला जड जातं. हा विषय जीएसटी परिषदेचा, तिथे राज्याचे मंत्री बसतात. म्हणून पत्र मुंबईला, अर्थखात्याकडे. महापालिकेसमोर जीएसटीच्या घोषणा देऊन घसा बसेल, बाकी काही होणार नाही.

कापड वापरणाऱ्या बायकांना तुम्ही मागास समजता का?

अजिबात नाही. टेरी टॉवेलच्या गावात कापडाला कमी कोण लेखेल? सुती कापड स्वच्छ धुतलं, कडक उन्हात वाळवलं तर चांगलंच. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ हे मानकही २०२१ मध्ये आलं आहे. अडचण दोनच. पाणी, ज्याबद्दल वर बोललो, आणि दोरी. उन्हात वाळत घालायचं म्हटलं तर साडीखाली दडपून घालावं लागतं, म्हणजे ऊन लागतच नाही. योजनेत पॅड, कापडी पॅड किंवा पाळीचा कप यांतलं काय घ्यायचं ते बाईने ठरवावं, एवढं कायद्यात असावं. आम्ही कुठल्याही कंपनीचा माल वाटत नाही.

वापरलेला पॅड कुठे टाकायचा?

कागदात गुंडाळून, वेगळा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्यांवर विल्हेवाटीसाठी पाकीट देण्याची जबाबदारी टाकली होती. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका यांच्या जोडीला सॅनिटरी कचरा हा स्वतंत्र प्रकार केला आहे. घंटागाडीत त्यासाठी वेगळा कप्पा नसेल तर मागा. कचरा हाताने निवडणाऱ्या बायकाही आपल्याच गावच्या आहेत. शाळेतली जाळण्याची यंत्रं बहुधा बंद पडलेली असतात, आणि चालू असली तरी धूर वर्गात येतो. यंत्र मागण्याआधी ते दुरुस्त कोण करणार हे लिहून घ्या.

कोणाकडे काय मागायचं?

निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर पडून राहतात, म्हणून हे नीट वाचा. गावात असाल तर ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत ठराव घ्या. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून शाळेची कडी, नळ, डबा सहज होतो. ठराव नोंदवहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका. शहरात महापालिकेकडे महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के राखीव असतात. अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या आधी नगरसेवकाला गाठा, नंतर गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' ऐकायची तयारी ठेवा. झेडपी शाळेसाठी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाधिकारी वेगळे, पत्र दोघांना.

कायदाच हवा असेल तर आमदार. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, कामगार आणि शिक्षण समवर्ती सूचीत. म्हणजे विधानसभा कायदा करू शकते, 'हे केंद्राचं आहे' हे उत्तर अर्धंच खरं. आमदाराला नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. विधानसभेत विचारायचा तारांकित प्रश्न लिहून द्या, लक्षवेधी सूचनेचा मजकूर द्या, अशासकीय विधेयकाचा मसुदा द्या. त्यांच्या कार्यालयातल्या माणसाला तयार कागद मिळाला की काम पुढे सरकतं.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा?

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर शुल्क नाही, दाखला जोडा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. असं लिहा:

"तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांतील मुलींच्या स्वच्छतागृहांबाबत १) शाळानिहाय स्वच्छतागृहांची संख्या व त्यांपैकी वापरात असलेली संख्या, २) पाणीजोडणी असलेल्या स्वच्छतागृहांची यादी, ३) मागील दोन आर्थिक वर्षांत सॅनिटरी पॅडचा शाळानिहाय पुरवठा व तारखा, ४) शेवटच्या तपासणी अहवालाची प्रत द्यावी."

'का नाही केलं' असं विचारू नका, कारणं सांगायला अधिकारी बांधील नसतो. नोंदी मागा.

देवाधर्माच्या गोष्टीत तुम्ही पडता का?

या मोहिमेत नाही. शिवाशिव पाळणाऱ्या बायकाही आमच्या निवेदनावर सह्या करतात. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि आषाढीला पंढरपुरात लाखो बायका येतात, त्यांना चालत्या पाण्याचं शौचालय मिळावं याला कुठल्याच माउलीचा विरोध नसतो.

पुरुष आले तर चालतील?

यावेत. माईक बायकांकडे राहील.

मुलींचे फोटो काढू का? प्रसिद्धी मिळेल.

नाही. पॅडचं पाकीट हातात धरून उभ्या केलेल्या मुलींच्या रांगेचा फोटो आणि मागे नेत्याचा फ्लेक्स, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसली असेल याचा विचार फ्लेक्सवाल्याने केलेला नसतो. अठरा वर्षांखालच्या मुलीचं नाव, चेहरा किंवा शाळेचं नाव आमच्या कुठल्याही पत्रकात येत नाही. फोटो काढायचा असेल तर मोडक्या दाराचा काढा.

मला फार रक्तस्राव होतो. कायद्याचं राहू द्या, आधी काय करू?

बरोबर आहे, आधी तब्येत. दर तास-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांहून जास्त स्राव चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल तर सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात स्त्रीरोग तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे 'बायकांना एवढं चालायचंच' हे ऐकून गप्प बसू नका. कोणी थेट गर्भपिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

पूनम गेटला धरणं धरायचं आहे. परवानगी लागते का?

लागते. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथे आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी बऱ्याचदा लागू असते, ती पाहूनच तारीख ठरवा. सावलीची सोय, पिण्याचं पाणी आणि जवळचं शौचालय आधी बघून ठेवा. पाळीच्या हक्कासाठी बसलेल्या बायकांनाच जायला जागा नाही, असं व्हायला नको.

आमच्या वस्तीत बैठक घ्यायची आहे. काय तयारी लागेल?

पत्रक मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्हींत हवं. पूर्व भागात नुसतं मराठी पत्रक नेलं तर बाया मान डोलावतात आणि घरी जातात. बोलणारी बाई वस्तीतलीच हवी. बिडी कामगारांची बैठक माल द्यायच्या वेळेत ठेवू नका आणि मजुरीच्या हप्त्याच्या दिवशी तर नकोच, त्या दिवशी बाजार असतो. पाणी सुटायची वेळ विचारून घ्या, नळ आला की सभा उठते. जागा समाजमंदिराची मागा, नाही मिळाली तर कोणाच्या तरी ओसरीवर. बायका सूप घेऊन आल्या तर येऊ द्या, हात चालू असले की बोलणं जास्त मोकळं होतं. सह्यांचा कागद शेवटी काढा, आणि अंगठा देणारीला तो आधी वाचून दाखवा.